दोन अंश उजवीकडे

रेडिओ कंट्रोलवर उडणारं मॉडेल विमान टेबलावर ठेवून वरून नीट पाहिलं, तर त्याचं इंजिन किंचित वाकडं बसलेलं दिसतं. प्रॉपेलरचा दांडा विमानाच्या मध्यरेषेत सरळ पुढे जात नाही. तो वैमानिकाच्या उजव्या हाताला जरासा कललेला असतो, आणि बहुतेक वेळा थोडा खालीही झुकलेला असतो. नवख्या माणसाला वाटतं, बनवणाऱ्याचा हात चुकला. प्रत्यक्षात एवढासा कल साधण्यासाठीच बनवणाऱ्यानं एक अख्खी संध्याकाळ खर्ची घातलेली असते. पंखांवरची चकचकीत फिल्म, रंगसंगती, चाकं यांचं कौतुक सगळेच करतात. पण ते विमान हवेत गुण्यागोविंदानं उडेल की थ्रॉटल वाढवला रे वाढवला की एका बाजूला ओढ घेईल, हे बऱ्याच अंशी नाकावरच्या चार बोल्टांपाशी ठरतं.

उदाहरणाला शिकाऊ मंडळींचं नेहमीचं विमान घेऊ. पंख धडाच्या वर बसलेला, पंखाचा पसारा दीड मीटरच्या आसपास, वजन अडीच किलो, आणि नाकावर ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. ओसाकाच्या शिगेओ ओगावा यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या ओ. एस. कंपनीची या मापाची इंजिनं जगभरच्या मैदानांवर दिसतात. ग्लो इंजिनाला मोटारसायकलसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. त्याच्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना बॅटरी लावून ती तापवायची. एकदा इंजिन धडधडायला लागलं की मिथेनॉलची वाफ, प्लॅटिनम आणि आतला दाब मिळून तार लालच राहते, मग बॅटरी काढून घेता येते. इंधनात मिथेनॉलबरोबर थोडं नायट्रोमिथेन आणि बरंच तेल मिसळलेलं असतं. हे तेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि विमानभर पसरतं. इंजिन बसवताना घेतलेल्या निम्म्या काळज्या या तेलामुळेच घ्याव्या लागतात.

इंजिन ज्या पाटीवर बसतं तिला फायरवॉल म्हणतात. धडाच्या अगदी पुढे आडवी बसवलेली ही प्लायवूडची पाटी आपल्या नमुन्यात सुमारे ६ मिलिमीटर जाडीची असते. बाकीचं धड बाल्साचं, म्हणजे नखानंही खूण पडेल इतक्या मऊ लाकडाचं. इंजिनाची सगळी ओढ आणि सगळी थरथर या पाटीच्या कडेवरच्या डिंकातून बाल्सात उतरते. म्हणून इथे झटपट चिकटणाऱ्या डिंकाचं काम नाही. सावकाश वाळणारं एपॉक्सी लावायचं, आणि आतल्या चारही कोपऱ्यांत त्रिकोनी लाकडी पट्ट्या भरायच्या, म्हणजे चिकटण्याचं क्षेत्र वाढतं. त्यानंतर पातळ एपॉक्सीचा एक हात फायरवॉलच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या आतून फिरवायचा. भोकाच्या आतला भाग हमखास राहून जातो. प्लायवूडचे उघडे थर तिथूनच तेल पितात. एकदा तेल मुरलं की त्या लाकडाला पुन्हा कुठलाही डिंक धरत नाही, आणि मग एखाद्या साध्या, जरा जोरात झालेल्या उतरण्यात अख्खी फायरवॉल इंजिनासकट सुटून हातात येते.

फायरवॉल आणि इंजिन यांच्यामध्ये असतो माउंट. सुरुवातीच्या काळात तो नव्हताच. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं, त्या पिढीची इंजिनं धडातून पुढे आलेल्या टणक लाकडाच्या दोन समांतर पट्ट्यांवर बसत. आपल्याकडच्या जुन्या मॉडेलकारांना कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरची ‘अरोरा’ ही छोटी डिझेल इंजिनं आठवत असतील. दोरीवर गोल फिरणाऱ्या कंट्रोल लाइन विमानांवर अशी इंजिनं बसवण्याची रीत तीच होती. पद्धत भक्कम, पण पट्ट्या एकदा धडात चिकटल्या की त्यांचा कोन बदलता येत नाही. आज त्या पट्ट्यांची जागा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या माउंटनं घेतली आहे. त्याची मागची चकती फायरवॉलला चार बोल्टांनी लागते. पुढे आलेल्या दोन भुजांवर इंजिनाचे कान टेकतात. शिकाऊ विमानाला नायलॉनचा माउंट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विमान नाकावर आपटलं तर तो आधी मोडतो. क्रँककेस आणि फायरवॉल पुष्कळदा वाचतात, आणि नवा माउंट इंजिनाच्या मानानं अगदी स्वस्त पडतो. ॲल्युमिनियमचा माउंट वाकत नाही, तुटत नाही, आणि आपटल्याचा सगळा मार इंजिनाला देऊन मोकळा होतो.

काही इंजिनांना कानच नसतात. कॉक्स कंपनीची ०.०४९ घनइंचाची चिमुकली इंजिनं पाठीमागून, इंधनाच्या टाकीसकट, थेट फायरवॉलला लागत. मोठी पेट्रोल इंजिनंही अशीच पाठीकडून, चार धातूच्या खांबांवर बसतात.

या सगळ्याला किती भार सोसावा लागतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ११ इंची प्रॉपेलर लावलेलं आपलं इंजिन जमिनीवर मिनिटाला १२,००० फेरे घेतं असं धरू. म्हणजे सेकंदाला २००. पिस्टनचा स्ट्रोक २० मिलिमीटर आणि त्याचं वजन १० ग्रॅम मानलं, तर प्रत्येक टोकाला त्याला थांबवून उलटं फिरवायला सुमारे १५८ न्यूटन जोर लागतो, म्हणजे १६ किलोचं ओझं उचलण्याइतका. एवढा हिसका सेकंदाला २०० वेळा वर आणि २०० वेळा खाली. क्रँकवरच्या प्रतिभारानं तो काही अंशी कमी होतो, पण एकाच सिलिंडरच्या इंजिनात पूर्ण कधीच मिटत नाही. उरलेला हिसका माउंटमधून फायरवॉलमध्ये, तिथून धडात, आणि शेवटी रेडिओचा रिसीव्हर आणि विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या सर्व्होंपर्यंत जातो. त्यात प्रॉपेलरची एक पात दुसरीपेक्षा जड असेल तर भर पडते ती वेगळीच. म्हणून प्रॉपेलरचा तोल तपासणं हे इंजिन बसवण्याच्याच कामात धरायला हवं.

आता प्रत्यक्ष भोकं पाडणं. हे काम रेंगाळत करण्याचं आहे. इंजिन माउंटच्या भुजांवर ठेवायचं आणि प्रॉपेलर ज्या दातेरी चकतीला टेकतो ती फायरवॉलपासून नकाशात दिली असेल तेवढ्या अंतरावर आणायची. समजा ११० मिलिमीटर. इंजिन क्लॅम्पनं दाबून धरायचं आणि कानांच्या भोकांतून टोकदार सुईनं खुणा करायच्या. चारही खुणा एकदम करून चारही भोकं एकदम पाडण्याचा मोह टाळावा. आधी एकच भोक पाडायचं, ४ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे पाडायचे असतील तर ३.३ मिलिमीटरच्या बिटानं. उभ्या ड्रिल मशीनवर माउंट काटकोनात धरून. तो बोल्ट लावायचा, इंजिन पुन्हा सरळ करायचं, मग कर्णावरचं दुसरं भोक. हातातल्या ड्रिलनं बिट जरा जरी तिरकं गेलं तरी बोल्ट कानाच्या भोकात अडतो, आणि तो पान्ह्यानं रेटला की इंजिन त्याच्याबरोबर सरकतं.

बोल्ट आवळण्याआधी आणि आवळल्यानंतर ग्लो प्लग काढून क्रँक बोटांनी फिरवून पाहावा. आधी लोण्यासारखा फिरणारा क्रँक आवळल्यावर एखाद्या जागी किंचित अडखळला, तर माउंटच्या दोन भुजा एका पातळीत नाहीत. कान भुजांवर पूर्ण टेकत नसताना बोल्ट आवळले की क्रँककेसच पिळली जाते. बेअरिंग लवकर खराब होतात, इंजिन तापतं, आणि माणूस उगाच इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या व्हॉल्व्हशी झगडत बसतो. अशा वेळी सपाट काचेवर बारीक सॅंडपेपर पसरून भुजा घासून सारख्या कराव्यात.

फायरवॉलच्या मागे चार टी-नट बसतात. त्यांचे दात प्लायवूडमध्ये घुसतात. ते हातोडीनं ठोकू नयेत. पुढून बोल्ट आणि मोठा वॉशर लावून हळूहळू आत ओढून घ्यावेत, म्हणजे सरळ बसतात. वर एपॉक्सीचा एक थेंब, आणि आट्यांत डिंक जाऊ नये म्हणून बोल्टाला आधी व्हॅसलिन. विमान पूर्ण झाल्यावर तिथे बोट पोचत नाही. आत एखादा टी-नट फिरायला लागला तर टाकी काढून, कधी कधी धड कापूनच तो धरावा लागतो. धातूच्या नटात धातूचा बोल्ट जातो तिथे थ्रेडलॉकचा थेंब हवाच. थरथरीनं साधा बोल्ट बघता बघता सैल होतो.

आता त्या दोन अंशांकडे येऊ. मागून, म्हणजे वैमानिकाच्या बाजूनं पाहिलं तर प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. इंजिन प्रॉपेलरला उजवीकडे फिरवतं, तेव्हा तेवढाच जोर विमानाला उलट, डावीकडे लोळवू पाहतो. दुसरी गोष्ट, प्रॉपेलरनं मागे ढकललेली हवा सरळ जात नाही. ती धडाभोवती पीळ घेत जाते आणि शेपटीवरच्या उभ्या पात्याला डाव्या बाजूनं आपटते. शेपूट उजवीकडे ढकलली की नाक डावीकडे वळतं. तिसरी गोष्ट नाक उंच करून सावकाश चढताना जाणवते. अशा वेळी प्रॉपेलरची चकती समोरून येणाऱ्या हवेला तिरकी असते. उजवीकडून खाली येणारी पात हवेला जास्त कोनात भिडते आणि डावीकडून वर जाणाऱ्या पातीपेक्षा जास्त ओढते. उजवी बाजू जास्त ओढली गेली की नाक पुन्हा डावीकडेच. तिन्ही कारणं वेगवेगळी, पण तिघांचा कौल एकाच दिशेला, आणि तिघांचाही जोर थ्रॉटलबरोबर कमीजास्त होणारा.

रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूला, कायमचा थोडा उजवा कल देऊन हे भागणार नाही का? नाही, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. रडरचा परिणाम मुख्यतः विमानाच्या वेगावर अवलंबून असतो, इंजिनाच्या जोरावर तितका नाही. पूर्ण थ्रॉटलला बरोबर बसलेला रडर इंजिन मंदावून खाली सरकताना विमानाला उजवीकडे ओढत राहील. इंजिनच उजवीकडे कललेलं असलं, तर जेव्हा डावी ओढ वाढते तेव्हाच उजवी ओढही वाढते, आणि थ्रॉटल बंद केला की दोन्ही एकत्र नाहीशा होतात. दुखणं जिथे उपजतं तिथेच औषध लावल्यासारखं हे आहे.

खालचा कलही असाच. उंच पंखाच्या विमानात ओढीची रेषा खाली, नाकापाशी असते आणि हवेचा बराचसा विरोध वर, पंखापाशी. त्यामुळे जोर वाढला की नाक वर उचललं जातं. शिवाय शिकाऊ विमानाचा सपाट तळाचा पंख वेग वाढला की आपोआप जास्त उचलतो. नवशिक्यानं घाबरून थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर करून चढतं, वेग गमावतं आणि कोसळतं. अनेक शिकाऊ विमानं पहिल्याच आठवड्यात मोडतात ती अशी. दोन-तीन अंशांचा खालचा कल हे बरंचसं आवरतो.

कल दिल्यावर मात्र एक नवी अडचण उभी राहते. माउंट फायरवॉलच्या बरोबर मध्यावर ठेवून इंजिन दोन अंश उजवीकडे वळवलं, तर ११० मिलिमीटर पुढे असलेला प्रॉपेलर मध्यरेषेपासून जवळपास ४ मिलिमीटर उजवीकडे सरकतो. प्रॉपेलरपुढचा शंकूसारखा स्पिनर आणि नाकाचा आकार जुळत नाही, इंजिनावरचं झाकण म्हणजे काउल वाकडं दिसतं. म्हणून माउंटच आधी ४ मिलिमीटर डावीकडे सरकवून बसवायचा, म्हणजे कललेल्या इंजिनाचं टोक पुन्हा मध्यावर येतं. खालच्या कलासाठी त्याच हिशेबानं थोडा वर. फायरवॉलवर पेन्सिलीनं दोन मध्यरेषा आखायच्या आणि त्यांच्याशेजारी या सरकवलेल्या दोन रेषा आखायच्या. यातली कोणती खरी, हे तिथेच लिहून ठेवावं.

कोन देण्यासाठी माउंटच्या मागे वॉशर घालतात. बोल्टांच्या भोकांमधलं अंतर ४० मिलिमीटर असेल तर दोन अंशांसाठी १.४ मिलिमीटर जाडी पुरते. उजव्या कलासाठी वॉशर डावीकडच्या दोन बोल्टांवर, खालच्या कलासाठी वरच्या दोन बोल्टांवर. पण त्याआधी फायरवॉल स्वतःच कललेली आहे का, हे गुण्या लावून पाहायला हवं. पुष्कळ तयार किटमध्ये कल फायरवॉलमध्येच दिलेला असतो. त्यावर पुन्हा वॉशर घातले तर कल चार-पाच अंशांचा होतो, विमान उजवीकडे खेचतं, आणि बिचारा मालक डावा रडर देत बसतो.

कोन मोजायला महाग उपकरण लागत नाही. प्रॉपेलर आडवा करायचा. शेपटीत मध्यरेषेवर एक टाचणी टोचायची. तिच्यापासून उजव्या बाजूच्या पातीच्या टोकापर्यंतचं अंतर न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यानं मोजायचं. मग प्रॉपेलर अर्धा फेरा फिरवून तेच टोक डावीकडे आणायचं आणि पुन्हा मोजायचं. टोक तेच ठेवल्यामुळे पाती कमीजास्त लांबीच्या असल्या तरी फरक पडत नाही. ११ इंची, म्हणजे २८ सेंटिमीटरच्या प्रॉपेलरला दोन अंशांच्या उजव्या कलात उजवीकडचं माप सुमारे १ सेंटिमीटरनं कमी भरतं.

इंजिन पुढे-मागे करून विमानाचा तोल साधावा, असा सल्ला अनेकदा मिळतो. आकडे मांडले की त्याची ताकद कळते. सायलेन्सरसकट अर्धा किलोचं इंजिन १ सेंटिमीटर पुढे नेलं, तर अडीच किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य फक्त २ मिलिमीटर पुढे जातो. रिसीव्हरची १२० ग्रॅमची बॅटरी पंखाखालून १० सेंटिमीटर पुढे, टाकीशेजारी नेली तर तो जवळपास ५ मिलिमीटर सरकतो. पंखाची रुंदी २८ सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ७ ते ९ सेंटिमीटरवर तोल यायला हवा. तो आणण्याचं काम बॅटरीला द्यावं. इंजिन नकाशात आहे तिथेच राहू द्यावं. तोल पाहताना टाकी रिकामी असावी. टाकी पुढे असते, त्यामुळे इंधन संपत जाईल तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि उतरताना, जेव्हा विमान सर्वांत मंद असतं, तेव्हाच शेपूट जड झालेली चालत नाही.

टाकीची उंचीही इंजिनाच्या जागेबरोबरच ठरवायला हवी. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. खूप वर असेल तर इंजिन थांबल्यावर इंधन आत झिरपतं. खूप खाली असेल तर नाक वर करताच इंजिनाची उपासमार होते. टाकी स्पंजात गुंडाळून ठेवावी, नाहीतर थरथरीनं इंधनाला फेस येतो आणि इंजिन बुडबुडे पिऊन मध्येच खोकतं. इंजिन उलटं, सिलिंडर खाली करून बसवलं तर नाक देखणं दिसतं. पण सिलिंडरमध्ये इंधन साचतं आणि ग्लो प्लग त्यात बुडतो. साचलेलं इंधन दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टरनं जबरदस्तीनं फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिल्या विमानात इंजिन उभं किंवा आडवंच असावं. काउल असेल तर हवा आत येण्याच्या जागेपेक्षा बाहेर जाण्याची जागा दुप्पट-तिप्पट मोठी ठेवावी, कारण तापलेली हवा फुगते.

एवढ्या कामाला एक छोटं इंजिन किती साथ देऊ शकतं, याचा दाखला २००३ सालचा आहे. अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांनी बनवलेलं टॅम-५ नावाचं बाल्साचं विमान ९ ऑगस्टला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून उडालं आणि ११ ऑगस्टला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. इंधनासकट वजन ५ किलोच्या आत. इंजिन ओ. एस.चंच, १० सीसीचं फोर-स्ट्रोक, त्यात हिल यांनी स्वतः बदल केलेले. ते ३८ तास ५२ मिनिटं न थांबता चाललं आणि विमानानं सुमारे ३,०३० किलोमीटर अंतर कापलं. तोपर्यंत हिल यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती जवळपास गेलेली होती. इतके तास कुठलाही बोल्ट सैल होऊ न देणं, कुठलाही सांधा तेलानं सुटू न देणं ही कारागिरी मला त्या विक्रमाइतकीच थोर वाटते.

आता नव्या मुलांचा ओढा ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीकडे आहे. तेल नाही, थरथर फारच कमी, सुरू करण्याची कटकट नाही. फायरवॉलवर चार बाह्यांचा क्रॉस माउंट लावला की काम झालं असं वाटतं. पण पीळ घेणारी हवा तीच, डावीकडची ओढ तीच, आणि वॉशरही त्याच बोल्टांवर लागतात.

विमान उडल्यावर माप पुन्हा तपासायचं असतं. वारा शांत असताना, पुरेशा उंचीवर, अर्ध्या थ्रॉटलला हात सोडून सरळ उडेल असा ट्रिम लावायचा. मग थ्रॉटल एकदम पूर्ण द्यायचा आणि काठ्यांना हात न लावता पाहायचं. नाक डावीकडे गेलं तर उजवा कल अर्ध्या अंशानं वाढवायचा. नाक झटकन वर गेलं तर खालचा. नंतर थ्रॉटल बंद करून तेच पुन्हा. बंद केल्यावर विमान वळत असेल तर दोष इंजिनाच्या कोनात नसून पंखात, शेपटीत किंवा ट्रिममध्ये आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा उडवायचं. कोन मनासारखा जमला की वॉशर काढून त्याच मापाची प्लायवूडची पाचर कापून घ्यावी, तिला एपॉक्सी पाजावं आणि माउंटच्या मागे कायमची बसवावी. वॉशरवर माउंट चार ठिपक्यांवर टेकतो, पाचरीवर संपूर्ण पाठीनं. पहिल्या दिवशीच्या उड्डाणांनंतर चारही बोल्ट ॲलन कीनं पुन्हा एकदा आवळून पाहावेत. नायलॉन आणि प्लायवूड दोन्ही दाबाखाली थोडे बसतात, त्यामुळे प्रत्येक बोल्ट बहुधा पाव फेरा तरी आणखी आत जातो.